अक्कांनी पास केलेला माल

ब्रह्मदेवाने सृष्टी घडवली आणि तशीच्या तशी पाठवून दिली, ही त्याची मोठी चूक झाली. मध्ये एकदा ती आमच्या घरमालकीणबाईंच्या हाताखालून जाऊ दिली असती, तर निम्मी सृष्टी लाल खुणा लावून परत गेली असती आणि उरलेली निम्मी आज आहे त्यापेक्षा पुष्कळ बरी निघाली असती. निदान माझं तरी असं प्रामाणिक मत आहे. मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत सहा वर्षं राहिले, आणि त्या सहा वर्षांत त्यांच्या दोन बोटांतून न गेलेली एकही वस्तू मला वापरायला मिळाली नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे कुठल्याही गल्लीत उभं राहिलं तरी कानात यंत्रमागाचा खडखडाट आणि नाकात विडीच्या तंबाखूचा वास येतो, तिथे त्यांचं घर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि भांडायला दोन्ही. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. मी मूळची वैरागची. केळी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि उजनीकाठच्या गावांतल्या बागा बघायचं काम माझ्याकडे आलं. पहाटेची गाडी धरून केम स्टेशनला उतरायचं, तिथे एका ओळखीच्या घरी ठेवलेली स्कूटी काढायची आणि दिवसभर बागांतून हिंडायचं. घडावर डाग दिसला की तो बाजूला काढायचा. खोली बघायला गेले तेव्हा हे काम सांगितल्यावर अक्कांचा चेहरा खुलला. "म्हंजे तू बी चेकरच की!" त्या म्हणाल्या आणि पुढे काहीही न विचारता किल्ली माझ्या हातावर ठेवली.

अक्कांनी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग खात्यात एकतीस वर्षं काढली होती. समोर उजेडाचं टेबल, त्यावरून टॉवेल सरकत जाणार, आणि अक्कांची दोन बोटं त्याच्या काठावरून फिरणार. जिथे धागा तुटला असेल, फंदा सुटला असेल, तेलाचा ठिपका पडला असेल, तिथे बाणाच्या आकाराची एक लाल चिकटपट्टी लावायची. नोकरी संपली त्या दिवशी साहेबांनी शाल आणि नारळ दिला. अक्कांनी शालीवर तिथल्या तिथे दोन बाण लावून ती परत केली आणि नारळ हलवून बघून ठेवून घेतला. नोकरी संपली तरी बाण काही संपले नव्हते. घरात त्यांचं अख्खं भेंडोळं होतं. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींच्या उपरण्याला, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी अंथरलेल्या चादरीला, गल्लीतल्या मांडवाच्या कनातीला, कशाला म्हणून त्यांनी सोडलं नाही. मी एकदा नवा कुडता घालून झोकात ऑफिसच्या बैठकीला गेले, चांगलं तासभर बोलले, आणि परत आल्यावर आरशात पाहिलं तर पाठीवर लाल बाण. खांद्याच्या शिवणीत एक टाका चुकला होता. विचारलं तर म्हणाल्या, "मला वाटलं तुला कळंल आन् तू बदलून जाशील. मी लावून ठेवलं की!" जणू दोष दाखवणं एवढंच त्यांचं काम, पुढचं दुरुस्ती खात्याने बघावं.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो शोषणात. टॉवेल दिसायला कसाही असो, पाणी पितो का, हा त्यांचा एकमेव सवाल. कापडावर पाण्याचा एक थेंब सोडायच्या आणि तो जिरेपर्यंत तेलुगूत मोजायच्या: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. रेंडूच्या आत थेंब जिरला तर माल पास. मूडूला अक्कांच्या कपाळावर आठी आणि नालुगूला तो माल दारात. त्यांचं दुसरं शस्त्र म्हणजे काडेपेटी. कुठल्याही कापडाचा एक धागा ओढायचा आणि जाळायचा. कागद जळाल्यासारखा वास आला आणि भुरभुरीत राख झाली तर ते सूत, आणि टोकाला कडक गोळी धरली तर ते प्लास्टिक. ही परीक्षा त्यांनी एकदा चांगल्या मोठ्या साडीच्या दुकानात, गादीवर बसून, पदराच्या दशीवर केली. दुकानातली माणसं धावत आली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "ओरडू नका. तुमी शंभर टक्के सूत म्हनलासा, आन् ही बगा गोळी." त्यानंतर त्या दुकानात आम्हाला चहा मिळाला, पण साडी दाखवायला कुणी पुढे येईना.

अशा बाईच्या नजरेतून माझी चाल कशी सुटणार? उन्हाळ्यात उजनीकाठी ओल, वाफ आणि ऊन ह्या तिन्हींची युती असते. त्यात दिवसभर स्कूटीचं सीट, आणि पाळीचे दिवस असले की ते पॅड. संध्याकाळी जिना चढताना मांड्या सोलून निघालेल्या असायच्या. बागेत ना आडोसा, ना पाणी. गावात कुणाच्या घरी जाऊन विचारायचं तर आधी चहा होणार, मग माझ्या लग्नाची चौकशी होणार, आणि विचारायचं ते राहूनच जाणार. एका संध्याकाळी अक्कांनी मला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अडवलं. "असं फाकून का चालायलीस?" मी ऊन, थकवा, नवी चप्पल असं काहीबाही सांगितलं. अक्का म्हणाल्या, "चप्पल पायात असतंय, मांडीत न्हाय. पाळी हाय न्हवं? मग सांग की तसं." चेकिंग खात्यात त्यांच्यासकट चाळीस बायका होत्या आणि तिथे ह्या विषयाला दार-खिडकी काही नव्हतं. रिजेक्ट टॉवेलांचे मऊ तुकडे बायका घरी न्यायच्या, आणि कुणासाठी कुठला तुकडा चांगला हे अक्का ठरवायच्या. माझ्या आईने मला ह्या बाबतीत एकूण एकच वाक्य सांगितलं होतं, "गप वापरायचं आन् गप टाकायचं." अक्का तासभर बोलल्या. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि शेवटी बरं वाटलं.

पुढच्या रविवारी गच्चीवर तपासणी भरली. दुकानातून, नेटवरून, जिथून मिळेल तिथून मी सगळा माल गोळा केला होता: साधी पॅड, जाड पॅड, कापडी पॅड, कप, आणि एका डबीत कापसाचे, अंगात आत घालायचे ते टॅम्पॉन. अक्कांनी पाण्याने परीक्षा घ्यायला साफ नकार दिला. "रगत काय पान्यासारकं पळतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी सुताला लावतात तशी तांदळाची पातळ खळ शिजवली आणि तिच्यात बीट किसून पिळलं. मग चमच्याचमच्याने परीक्षा. पॅडवरच्या जाळीचा धागा जळाला आणि गोळी धरली, तशी अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या सगळ्या दुखण्याचं निदान झालंच. कापडी पॅड आधी नापास झालं, पण मग त्यांनी ते तीनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून पुन्हा तपासलं आणि पास केलं. नवं कापड पाणी पीत नाही, त्याला धुण्याची सवय लागावी लागते, हे मला तेव्हा कळलं. कप हातात घेऊन त्यांनी उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला आणि खाली ठेवला. "ह्याला सूतच न्हाय. मी काय तपासू? ही भांड्याच्या दुकानातली बाब हाय." समोरच्या घराच्या गच्चीवरून पद्मा नावाची मुलगी हे सगळं बघत होती. ती शिवणाच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर बसायची. थोड्या वेळाने तीही आमच्या गच्चीवर आली.

सगळ्यात शेवटी टॅम्पॉन. डबीवर थेंब छापलेले होते. आत दोन थेंबांचे, तीन थेंबांचे आणि पाच थेंबांचे असे वेगवेगळे होते. अक्कांनी तो कापसाचा घट्ट बोळा तळहातावर तोलला, त्याच्या दोरीला अर्ध्या किलोचं वजन टांगलं, हिसका दिला. दोरी टिकली. खळ पाजली. पाच थेंबवाला पीत राहिला, पीत राहिला, आणि अक्कांचा चेहरा उजळत गेला. एकतीस वर्षांत असा माल त्यांच्या टेबलावर आला नव्हता. आता फक्त जाळून बघायचं राहिलं. वास कागदाचा येतो का हे ताडून बघायला शेजारी कागदही जाळायला हवा. जवळ कागद नव्हता. डबीत घडीवर घडी घातलेला, बारीक इंग्रजी अक्षरांचा एक पातळ कागद होता. "हे काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असेल काहीतरी, कंपन्या टाकतात. आमच्या कंपनीच्या खोक्यांतही मी तसले कागद टाकते आणि ते कुणी वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. अक्कांनी तो पेटवला. डाव्या हाताला कागद, उजव्या हाताला कापूस, दोन्हींचा वास एकच. "पास," अक्का म्हणाल्या. "ह्ये पाच थेंबवालं घे. जास्त पितंय त्ये चांगलं. दिसभर बगायला नको." डबीतले बाकीचे पाच थेंबवाले त्यांनी पद्माला आणि गल्लीतल्या आणखी दोन पोरींना वाटले, आणि मी माझ्यासाठी तसल्याच पाच थेंबांची नवी डबी मागवली. दोन थेंबांच्या मालाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

दोन महिने मी अक्कांना दुवा देत हिंडले. मांड्या बऱ्या झाल्या, स्कूटी हलकी झाली. तिसऱ्या महिन्यात, भर वैशाखात, परदेशी जाणारा कंटेनर भरायचा होता. पाळीचा चौथा दिवस, जवळजवळ काहीच जात नव्हतं, तरी मी पहाटे पाच थेंबवालाच घेतला. दिवसभर बघायला नको ना! मी बघितलंच नाही. रात्री परत आले ती अंग टाकून झोपले आणि सकाळी उठले ती तापाने फणफणलेली. उलट्या, जुलाब, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि अंग उन्हाने भाजल्यासारखं लालेलाल. आईला फोन लावला तर ती म्हणाली, "ऊन लागलंय की गं. कांदा लाव टाळूला." अक्कांनाही ऊनच वाटलं. त्यांनी कांदा लावला, चिंचेचं पाणी पाजलं. पण दुपारी माझी जीभ जड झाली तशी त्यांनी मला रिक्षात घातलं आणि चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला, रक्तदाब पाहिला, तळवे पाहिले, आणि एकदम विचारलं, "पाळी चालू आहे? काय वापरता?" मी सांगितलं. "शेवटचा कधी काढला?" मी आठवायला लागले, पण काढल्याचं काही आठवेना. तो अजून आतच होता. तीस तास उलटून गेले होते. त्यांनी तो लगेच काढला, सलाईन लावलं आणि मला मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथे मी पाच दिवस होते. पहिल्या दोन दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. अक्कांना सगळं आठवत होतं, कारण त्या पलंगाशेजारच्या स्टुलावरून हललेल्याच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई मला बघायला आल्या तेव्हा मी शुद्धीवर होते, म्हणून ते बोलणं मी ऐकलं. त्या सांगत होत्या की तो बोळा फार वेळ आत राहिला तर काही जंतू तिथे विष तयार करतात आणि ते रक्तात भिनतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर झपाट्याने होतं. म्हणून प्रवाह असेल त्याला पुरेल इतपत, कमीत कमी थेंबांचा घ्यायचा. चार ते सहा तासांनी बदलायचा, आठच्या पुढे कधीच जायचं नाही, हात धुऊन घालायचा, हात धुऊन काढायचा, आणि एकदम ताप किंवा उलट्या झाल्या तर तो काढून तडक दवाखाना गाठायचा. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हंजे जास्त पितंय त्ये वाईट?"

"वाईट नाही हो. गरजेपेक्षा जास्त, ते वाईट. आणि हे सगळं डबीतल्या कागदावर लिहिलेलं असतं."

मला अक्कांकडे बघवेना. चूक माझी होती. इंग्रजी मला येत होतं, त्यांना नव्हतं. मी तसं म्हटलंही. त्यांनी मान हलवली. "पास मी केलं," त्या म्हणाल्या, "सही माजी हाय." आणि उठून उभ्या राहिल्या. कारखान्यात चुकीचा माल बाहेर गेला तर तो परत आणायचा, मग तो कुठेही पोचलेला असो, हा नियम त्यांच्या हाडात भिनला होता. दवाखान्यातून त्या तडक आपल्या गल्लीत गेल्या. दोन पोरींच्या कपाटात ते बोळे तसेच पडले होते, ते परत घेतले. तिसरी पद्मा. ती मैत्रिणीच्या लग्नाला अक्कलकोटला गेली होती आणि फोन उचलत नव्हती.

पुढचं मला पद्माने सांगितलं. दुपारी तीनच्या उन्हात, वाजंत्री चालू असताना, मांडवात अक्का उगवल्या. पायात चपला घरातल्या, पदर घामाने चिकटलेला. सगळं कानडी माणसांचं घर. अक्का वऱ्हाडातून वाट काढत पद्मापर्यंत पोचल्या आणि वाजंत्रीच्या वर आवाज काढून ओरडल्या, "त्यो दोरीवाला घातलीस का? कवा घातलीस?" नेमकी त्याच क्षणी वाजंत्री थांबली. पद्मा म्हणते, मला वाटलं भुई दुभंगावी. पण अक्कांचा चेहरा बघून ती मुकाट्याने म्हणाली, "सकाळी सातला." अक्कांनी तिचा हात धरला, तो काढायला आत मोरीत नेलं, दाराबाहेर स्वतः उभ्या राहिल्या आणि ती बाहेर आल्यावर तिच्या कपाळाला, गळ्याला हात लावून ताप बघितला. ताप नव्हता. मग अक्का तिथेच, ओट्यावर ठेवलेल्या होळग्यांच्या, म्हणजे पुरणपोळ्यांच्या, परातीशेजारी, खाली बसल्या आणि रडल्या. बायका जमल्या. काय झालं, कोण गेलं, विचारू लागल्या. अक्कांनी डोळे पुसले आणि मोडक्या कानडीत, मराठीत, तेलुगूत, जमेल तसं सगळं सांगितलं: किती थेंबांचा, किती तासांनी, हात कसे धुवायचे, कागद का जाळायचा नाही. सगळ्यात आधी त्यांनी काय सांगितलं असेल, तर "मी चुकले." पद्मा म्हणते, नवरी मुलगीसुद्धा उठून ऐकायला आली होती.

मी बरी झाले. डॉक्टरांनी मला बोळा आणि कप दोन्ही कायमचं बंद करायला सांगितलं, म्हणून मी कापडी पॅडांकडे वळले आणि कंपनीशी भांडून बागांच्या फेरीत दुपारचा एक थांबा मिळवला, जिथे दार लागतं आणि नळाला पाणी येतं. पण अक्का बदलल्या. बाणांचं भेंडोळं त्यांनी केरात टाकलं. गुरुजी फाटकं उपरणं घेऊन आले आणि तसेच गेले. मी मुद्दाम शिवण उसवलेला कुडता घालून तीनदा त्यांच्यासमोरून गेले, तर म्हणाल्या, "चांगलं दिसतंय." मला रडू आलं. एकदा मी नवी कापडी पॅड घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, अक्का, बघा ना, पास करा. त्यांनी ती हातात घेतली, बोट काठाकडे गेलं, आणि थांबलं. "टावेल येकदा पास झाला की समद्यांना चालतंय," त्या म्हणाल्या. "ह्ये तसं न्हाय. तुजं अंग तू बग. मी आपली येळ सांगते." आणि खरोखरच त्यांनी वेळ धरली. माझ्या तारखा त्यांना माझ्यापेक्षा पाठ. त्या दिवसांत दर चार तासांनी फोन यायचा. मी बागेत, भोवती पाच-सहा शेतकरी, माप चाललेलं, आणि फोनमधून अक्का, "बदललीस का?" मी म्हणायची, "हो, बदललं." "हात धुतलीस?" "धुतले." शेतकऱ्यांना वाटायचं, माल बदलल्याची साहेबांकडून चौकशी चालली आहे, आणि ते घड जरा जपून उचलायचे.

लग्न होऊन मी टेंभुर्णीला आले त्याला दोन वर्षं झाली. अक्कांजवळ आता त्यांची भाची राहते. ती सांगते की अक्कांना हल्ली फारसं लक्षात राहत नाही, नवरा जाऊन किती वर्षं झाली तेही मध्येच विसरतात. मला सातवा महिना आहे. ही बातमी मी त्यांना तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा त्यांना पहिल्यांदा ऐकल्याइतकाच आनंद झाला. काल दुपारी फोन आला. पलीकडे माग चालू होते, त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बदललीस का गं?" त्यांनी विचारलं. मी पोटावर हात ठेवून म्हटलं, "हो अक्का, आत्ताच बदललं."

"हात धुतलीस?"

"धुतले."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवायचा विसरल्या. त्यांच्या घरातला खडखडाट मी बराच वेळ ऐकत बसले.